ॲमासा स्टोन यांना अनावृत पत्र

श्री. ॲमासा स्टोन यांस,

‘सप्रेम’ लिहायला हात वळत नाही. नुसताच नमस्कार.

क्लीव्हलंडच्या विद्यापीठात तुमच्या नावाचं देखणं दगडी चॅपल आहे, तुमच्या लेकींनी बांधून घेतलेलं. मुलं तिथे शिकतात म्हणून आम्हा मराठी घरांतही तुमचं नाव माहितीचं. तिथून तासाभरावर ॲश्टब्युला. सुपीरियर सरोवराकडचं लोहखनिज बोटींनी या बंदरात उतरायचं आणि मालगाड्यांनी यंगस्टाउन-पिट्सबर्गच्या भट्ट्यांकडे जायचं. ते वैभव ओसरलं, रेल्वेचे पूल राहिले. नदीच्या घळीवर आज दगडी कमानीचा पूल आहे. तिथे आधी तुमचा होता.

तो पडला याबद्दल मी भांडत नाही. पूल पडतात. पण तुम्हाला आधी सांगितलं होतं हो!

तुमचे मेहुणे विल्यम हाऊ यांची रचना मूळची लाकडी पुलांची. १८६५ साली तुम्ही ती १५४ फुटांच्या गाळ्यासाठी सबंध लोखंडात उतरवली. पुलाचे अभियंते जोसेफ टॉमलिन्सन म्हणाले, तिरपे दांडे कमजोर पडतील. तुम्ही दांडे नाही, टॉमलिन्सनना बदललंत. बांधताना पूल खाली बसू लागला, तेव्हा कळलं की दांडे आडवे बसवलेत. मग ते फिरवून उभे केले. तरीही त्यांची टोकं ओतीव ठोकळ्यांवर नुसती टेकलेली, पक्की जोडलेली नाहीतच. अकरा वर्षं पूल उभा राहिला, एवढं तुमच्या बाजूने म्हणता येईल.

२९ डिसेंबर १८७६ची रात्र, हिमवादळ. गाडीला दोन इंजिनं. पुढचं ‘सॉक्रेटिस’ कसंबसं पलीकडे पोचलं, बाकी सगळी गाडी घळीत कोसळली. डब्यांतल्या शेगड्यांनी लाकडी डबे पेटले. पडूनही जिवंत राहिलेली कितीतरी माणसं जळून मेली. एकूण सुमारे ९२. (बंब आले, पण पाणी मारलंच नाही, त्याचा संताप वेगळा.)

मग चौकशी समिती. रेल्वेचे मुख्य अभियंता चार्ल्स कॉलिन्स साक्षीनंतर काही दिवसांतच गोळी लागून मेलेले सापडले. तुम्ही मात्र ठाम होतात: पुलात खोट नाही, गाडीच रुळांवरून घसरली असणार. समितीने तुमचं मानलं नाही, तुम्ही समितीचं मानलं नाहीत. १८८३मध्ये तुम्हीही आपला जीव घेतलात. त्यावर मी काय बोलू?

पण विद्यापीठाला पाच लाख डॉलर देणारे तुम्ही. तुमचे जावई सॅम्युअल मॅथर लोहखनिजाच्या धंद्यात गब्बर झाले. आणि ओळख न पटलेल्या प्रवाशांसाठी ॲश्टब्युलाच्या दफनभूमीत १८९५ साली खांब उभा राहिला, तो लोकांच्या वर्गणीतून. पैशाची तुम्हाला वाण नव्हती. ‘टॉमलिन्सनचं ऐकायला हवं होतं’ एवढं म्हणायला तर पैसेही पडत नव्हते.

आपली,
ओहायोतली एक रहिवासी