आधी शब्द, मग अक्षर

जून उजाडला की आपल्याकडे दोन गोष्टींची घाई सुरू होते. वावरात पेरणीची आणि घरात पोरांच्या शाळेची. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जरा उशिरानं, महिन्याच्या शेवटाला उघडतात. पण तीन-साडेतीन वर्षांच्या लेकराच्या आईला एप्रिलपासूनच धाकधूक लागलेली असते. शेजारणीचा मुलगा ए टू झेड लिहितो, जावेची मुलगी शंभरपर्यंत अंक काढते, आणि आपलं? आपलं अजून पाटीवर नुसत्या रेघोट्या मारतंय! मग आणा पेन्सिल, धरा हात, घ्या गिरवून. लेकरू रडतं, आई रागावते, आजी मध्ये पडते. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय!

बचत गट आणि अंगणवाडी यांच्या निमित्तानं मी घाटावरच्या आणि घाटाखालच्या गावांतून फिरते. जिथं जावं तिथं आयांचा हाच प्रश्न असतो, “ताई, लिहायला कधी लागेल?” बोलतो किती, काय काय सांगतो, कशाकशाची नावं त्याला येतात, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपली घाई चुकीच्या जागी आहे. लिहिणं येणारच आहे. आधी शब्द यायला हवेत.

हे समजायला एक दूरचं उदाहरण घेऊ, थेट कोरियाचं. हसू नका! आजकाल आपल्या तालुक्याच्या गावांतल्या कॉलेजकन्यासुद्धा मोबाईलवर कोरियन मालिका बघतात, गाणी गुणगुणतात. आमच्या ओळखीतल्या अकरावीच्या एका मुलीनं तर महिन्याभरात कोरियन अक्षरं शिकून घेतली. पडद्यावर आलेली ओळ ती धडाधड वाचून दाखवते. मी विचारलं, “म्हणजे काय गं?” तर म्हणाली, “ते नाही माहीत काकू, वाचता येतं फक्त.”

ती इतक्या लवकर शिकली कारण ती लिपीच तशी आहे. सेजोंग नावाच्या राजानं १४४३ साली ती तयार करवली आणि १४४६ मध्ये प्रजेसाठी जाहीर केली. त्याआधी तिथं चिनी चित्रलिपीत लिहीत, आणि ती शिकायची म्हणजे वर्षानुवर्षं घोकंपट्टी. साध्या माणसाला ते कुठलं जमायला? राजानं अक्षरंच सोपी केली. ‘न’ म्हणताना जीभ कशी वळते, ‘म’ म्हणताना तोंड कसं मिटतं, त्यावरून अक्षराला आकार दिला. आज त्यात १४ व्यंजनं आणि १० स्वर, अशी २४ मूळ अक्षरं आहेत. दक्षिण कोरियात दरवर्षी ९ ऑक्टोबरला या लिपीचा दिवस साजरा होतो. युनेस्कोनं साक्षरतेच्या कामासाठी १९८९ साली सुरू केलेल्या एका पुरस्काराला या राजाचं नाव आहे.

पण बघा, एवढी सोपी लिपी असूनही आमच्या त्या मुलीला वाचलेल्या ओळीचा अर्थ कळत नाही. कारण तिच्याजवळ अक्षरं आहेत, शब्द नाहीत. तिचं वाचणं म्हणजे नुसता आवाज काढणं. कोरियातल्या चार वर्षांच्या लेकराचं उलटं असतं. त्याच्याजवळ घरातले, अंगणातले शेकडो शब्द आधीच असतात. अक्षर हाती आलं की त्या शब्दांना फक्त कपडे चढवायचे! लिपी महिन्या-दोन महिन्यांत येते. शब्द जमायला मात्र अख्खं बालपण लागतं.

आता आपल्या शाळांत डोकावा. तिसरी-चौथीतलं मूल धडा घडाघडा वाचतं आणि ‘काय वाचलंस?’ म्हटलं की खाली मान घालतं. त्या मुलीचं कोरियन आणि या लेकराचं मराठी, दोघांची गत एकच. फरक इतकाच की ही त्याची स्वतःची भाषा आहे. मग असं का व्हावं?

याचं एक उत्तर आपल्या बोलीत आहे. आपल्याकडे लेकरू ‘डोया’ म्हणतं, ‘केयं’ म्हणतं, ‘पानी’ म्हणतं, ‘मले दे’ म्हणतं. शाळेत पाऊल टाकलं की कुणीतरी हसतं. “शुद्ध बोल!” म्हणून दटावतं. दोन-चार वेळा असं झालं की लेकरू शहाणं होतं आणि गप्प बसतं. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला आपण ‘शांत आहे हो’ म्हणून वाखाणतो. पण ज्याचं बोलणं बंद झालं, त्याचे शब्द वाढणार कुठून?

वास्तविक आपल्या पोरांजवळ शब्दांची कणगी भरलेली असते. वावर, वखर, तिफन, डवरणी, पऱ्हाटी, बोंड, सरकी, ढेप, कुटार... शहरातल्या पाच वर्षांच्या मुलाला यातले चार तरी येतील का? स्वयंपाकघरातच बघा. भाकर भाजते, डाळ शिजते, पाणी उकळतं, दूध आटतं, तेल तापतं, पापड तळतात आणि फळ पिकतं. एवढे बारीक फरक आपलं लेकरू रोज कानानं टिपत असतं. ही काय कमी कमाई आहे? आणि ज्या मुलाला कपडा भिजणं, सुकणं, आकसणं हे सगळं आपल्या भाषेत नीट कळलं, त्याला उद्या त्याचे इंग्रजी शब्द शिकणं जड जात नाही. अर्थ घरात तयार असतो, त्याला नवं नाव तेवढं लावायचं. अर्थच नसेल तर नाव कशाला चिकटणार?

आपल्याच जिल्ह्यात यापेक्षा अवघड वाट चालणारी मुलं आहेत. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत निहाली नावाची भाषा बोलली जाते. बोलणारे असतील जेमतेम दोन-अडीच हजार. कुइपर नावाच्या डच अभ्यासकानं १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. जगातल्या कुठल्याच भाषाकुळात ती नीट बसत नाही, म्हणून भाषेचे अभ्यासक तिला मोलाची मानतात. पण तिथल्या लेकराच्या दृष्टीनं बघा. घरात निहाली, शेजारी कोरकू, बाजारात वऱ्हाडी-हिंदी आणि शाळेत पुस्तकी मराठी. तांड्यावरच्या मुलाचंही तसंच, घरात गोरमाटी आणि पाटीवर मराठी. या मुलांना काही येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांना जंगलातल्या झाडांची नावं विचारून पाहावीत. आपलीच वही भरेल!

हा विचार काही माझ्या घरचा नाही. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी तो किती आधी करून दाखवला! ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यातली मुलं बालवाडीत येत नाहीत, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शिकवण्याचं सामान काय, तर पानं, बिया, शिंपले, खडे, म्हणजे लेकरांच्या ओळखीचंच सगळं. आपण आज सहज ‘अंगणवाडी’ म्हणतो, त्यामागे या दोघींची पायपीट आहे. नंतर २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगावी पोहोचली. तिकडे फलटणला मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या बाईंनी तिथल्या बोलीचा अभ्यास केला, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा काढली. परदेशातून आलेल्या बाईंना आपल्या गावच्या बोलीचं मोल कळलं. आपल्यालाच तिची लाज का वाटावी?

आता तुमच्या मनातला प्रश्न. एका गावात बैठकीत एक आई उठून म्हणाली, “ताई, बोलून काय होते? पेपरात तं लिहाच लागते ना!” अगदी खरं आहे तिचं. चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा, आपल्या लेकराला कुणी मागे टाकू नये, असं कुठल्या आईला वाटणार नाही? तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी तिला माहीत असायला हव्यात.

पहिली, लेकराच्या हाताची. जन्माच्या वेळी मनगटातली छोटी हाडं कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. ती एकेक करत पुढे कित्येक वर्षं पक्की होत जातात. तीन वर्षांच्या हाताकडून बारीक रेघेतलं अक्षर मागणं म्हणजे रोपट्याकडून फळ मागणं. हात दुखतो, मग लिहिण्याचाच कंटाळा येतो, आणि तो कंटाळा पुढे दहावीपर्यंत पुरतो.

दुसरी, कायद्याची. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही. घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच सांगतं. २०२१ मध्ये आलेल्या निपुण भारत अभियानानं मुलाला समजून वाचता येण्यासाठी तिसरीपर्यंतची मुदत धरली आहे. सरकार तिसरीपर्यंत थांबायला तयार आहे आणि आपण तिसऱ्या वर्षीच घायकुतीला आलोय!

मग करायचं काय? वेगळा वेळ काढायला नको. भाजी निवडताना लेकराला जवळ बसवा. “ही मेथी, ही शेपू, वास बघ बरं, वेगळा येतो ना?” नुसतं ‘हे घे, ते ठेव’ न म्हणता ‘वाटी दे’, ‘उलथनं दे’, ‘झारा दे’ म्हणा. बाजारातून आल्यावर ‘काय काय पाहिलं?’ विचारा आणि मुख्य म्हणजे उत्तर पुरं होईपर्यंत थांबा. लेकरू एक शब्द बोललं तर त्यात दोन घालून परत द्या. ते म्हणालं “गाय”, तर आपण म्हणावं, “हो, तांबडी गाय कडबा खातेय.” घरात आजी असेल तर तिच्या गोष्टी, कोडी, जात्यावरच्या ओव्या म्हणजे तर खजिनाच. सहीपुरतं शिकलेल्या आईलाही हे सगळं करता येतं. मोबाईल लावून दिला की लेकरू शांत बसतं खरं, पण मोबाईल त्याचं बोलणं ऐकून घेत नाही. ते फक्त माणूस करतो.

हात तयार करायलाही पेन्सिलच लागते असं नाही. कणकेचे गोळे करू द्या, वाटाणे सोलू द्या, शेंगा फोडू द्या, मणी ओवू द्या. अंगणात रांगोळीचे ठिपके जोडू द्या. ओल्या फडक्यानं भिंतीवर, बोटानं मातीत, खडूनं फरशीवर मोठमोठ्या रेघा मारू द्या. त्यानं काढलेल्या चित्राबद्दल त्याला बोलू द्या आणि ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहा. आपलं बोलणं कागदावर उतरतं, ते उद्या पुन्हा वाचता येतं, ही जादू लेकराला एकदा कळली की ते आपणहून पेन्सिल मागतं.

मागितली की मग अक्षरांकडे वळा. ‘अ’ ते ‘ज्ञ’ ओळीनं घोकवायची गरज नाही. आपली वर्णमाला फार शास्त्रशुद्ध आहे. ‘क’ घशाजवळून निघतो आणि ‘प’ ओठांपर्यंत येतो. पण तो क्रम समजण्यासाठी आहे, लिहायला सुरुवात करण्यासाठी नव्हे. सुरुवात लेकराच्या नावापासून करा. मग आपल्या जुन्या गुरुजींचं ‘ग म भ न’ आहेच, एकाच्या वळणावर दुसरं येतं. त्याला नुसता काना जोडला की मामा, नाना, नाग, मान असे खरेखुरे शब्द तयार होतात. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यातला ‘च’ लिहायला एक, म्हणायला दोन. वेलांटी ‘चि’मध्ये आधी काढायची पण म्हणायची नंतर. हे घोटाळे मोठ्यांनाही सुटत नाहीत, तर लेकराला थोडा वेळ लागणारच.

आणि त्यानं पाटीवर ‘डोया’ लिहिलं तर खोडू नका, हसू तर मुळीच नका. जे ऐकलं ते त्यानं हुबेहूब अक्षरात उतरवलंय, म्हणजे लिहिण्याची किल्ली त्याला सापडली आहे. पाठीवर हात ठेवून म्हणा, “आपण म्हणतो तसं बरोब्बर लिहिलंस! पुस्तकात याला ‘डोळा’ लिहितात, बघ.” घरचा शब्द राहिला आणि पुस्तकातला आणखी एक मिळाला. नुकसान कुणाचंच नाही.

मैत्रिणींनो, अंगणवाडीच्या ताई आणि मदतनीस आपल्यातल्याच बायका आहेत. पण पालक मेळाव्याला गेलं की आपण त्यांना वही उघडून दाखवायला सांगतो. वहीत पान भरलेलं दिसलं नाही तर ‘ताई काही शिकवत नाही’ असा बोभाटा होतो. मग बिचारी ताईही खेळ आणि गाणी बाजूला ठेवून गिरवायला बसवते. पुढच्या वेळी वही मागू नका. विचारा, “आज माझं लेकरू काय बोललं?” चार आया हे विचारायला लागल्या तर अंगणवाडीत पुन्हा गोष्टी सुरू होतील. आणि आज संध्याकाळी चुलीपाशी लेकरू काही सांगायला आलं, तर हातातलं काम घडीभर बाजूला ठेवून त्याचं पुरतं ऐकून घ्या.