बोली आणि पाहणी: लिलावाची यादी खालून वर वाचताना

आजच्या धाग्याचे साधन बखर नाही आणि मोडी कागदही नाही. साधन आहे खेळाडूंच्या लिलावाची यादी. धागा लांबणार आहे, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकते. या यादीतून खेळाडूंविषयी जितके कळते, त्याहून कितीतरी अधिक ती यादी करणाऱ्यांविषयी कळते. आणि ते कळण्याची जागा यादीच्या शेंड्याला नसते, तळाला असते.

फेब्रुवारी २०२२. बंगळुरूमध्ये आयपीएलचा दोन दिवसांचा मोठा लिलाव. (पहिल्याच दिवशी लिलाव पुकारणारे ह्यू एडमीड्स व्यासपीठावर कोसळले आणि ऐनवेळी चारू शर्मांना उभे राहावे लागले, तोच हा लिलाव.) उमेश यादवचे नाव प्रथम पुकारले गेले, तेव्हा एकाही संघाने हात वर केला नाही. शेवटच्या घाईच्या फेरीत, उरलेली नावे भराभर पुकारली जात असताना कोलकात्याने त्याला २ कोटी या मूळ किमतीला घेतले. म्हणजे बोली लागली, पण स्पर्धा झाली नाही. २६ मार्चला हंगामाचा पहिलाच सामना वानखेडेवर झाला. चेन्नईविरुद्ध २० धावांत २ बळी, सामनावीर उमेश. सहा दिवसांनी पंजाबविरुद्ध २३ धावांत ४ बळी, पुन्हा तोच. हंगामाअखेर १६ बळी.

कन्हानच्या माणसाला उमेश कुठला हे सांगावे लागत नाही. खापरखेड्याजवळची वलनी कोळसा खाण, तिथल्या खाण कामगाराचा हा मुलगा. आमच्याकडे आणि तिकडे जग एकच: वेकोलिची वसाहत, पाळीचा भोंगा, काळी धूळ बसलेले मैदान आणि त्यावर टेनिस बॉलचे सामने. वयाच्या विशीपर्यंत उमेश टेनिस बॉलनेच खेळत होता. सीझन बॉल, म्हणजे खरा कातडी चेंडू, त्याच्या हाती त्यानंतर आला. पोलीस भरतीचा प्रयत्न त्याने करून पाहिला, तो फसला. २००८ मध्ये विदर्भाचा कर्णधार प्रीतम गंधे याने त्याचा वेग ओळखला आणि त्याच वर्षी तो रणजी सामना खेळला. नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध तो कसोटीत उतरला. विदर्भाकडून खेळत कसोटी संघापर्यंत पोचलेला हा पहिला खेळाडू.

ही कथा आपल्याकडे नेहमी एकाच सुरात सांगितली जाते: बघा, गुणवत्ता असली की दार उघडतेच. माझा आक्षेप नेमका इथे आहे. विसाव्या वर्षापर्यंत ताशी १४० किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकू शकणारा मुलगा कोणालाही दिसत नाही, ही गोष्ट व्यवस्थेच्या यशाची कशी होते?

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन जुने शब्द उपयोगी पडतात. ‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. पण चढत्या बोलीने हक्क देण्याची रीत आपल्याला नवी नव्हती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने दिल्या जाऊ लागल्या. जो जास्त रक्कम कबूल करील, त्याला परगण्याचा वसूल. ती बोली जमिनीचा कस सांगत नसे. इजारदाराला त्या जमिनीतून किती ओढून काढता येईल असे वाटते, तेवढेच ती सांगे. त्याच्या आधीची, थोरल्या माधवरावांच्या काळातली रीत वेगळी होती. तेव्हा पाहण्या होत. माणूस शेताच्या बांधावर जाई, मोजणी करी, जमिनीचा मगदूर पाहून तिची प्रत ठरवी. पाहणीतही लबाडी चाले, हे खरे. कुलकर्ण्याच्या लेखणीवर आंधळा विश्वास ठेवावा असे कोणी म्हणणार नाही. पण पाहणीला निदान बांधावर जावे लागे. बोलीला त्याची गरज नसते.

शेवटच्या फेऱ्यांत मिळालेली ‘रत्ने’ म्हणजे पाहणी न करता लावलेल्या बोलीची उधारी आहे, असे मला वाटते. हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचा (हातात चेंडू घेऊन धावण्याचा तो त्यांचा फुटबॉल) इतिहास पाहा.

तिथे लिलाव होत नाही, पाळीपाळीने निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. गेल्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाला पहिली पाळी. कल्पना बर्ट बेल यांची, आणि हे बेल सर्वांत दुबळ्या फिलाडेल्फिया संघाचे मालक होते, हे विसरू नये. पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियातच झाला. ९ संघ, ९ फेऱ्या, ८१ नावे. पहिले नाव जे बर्वँगर या महाविद्यालयीन खेळाडूचे. बेलना त्याचा मेहनताना परवडेना, तेव्हा त्यांनी त्याच्यावरचा हक्क शिकागोच्या संघाला देऊन टाकला. तिथेही बोलणी फिसकटली. बर्वँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. इतिहासातली पहिली निवड आणि तिचाच व्यवहार, दोन्ही फुकट गेले. मला ही गोष्ट फार आवडते.

उलट २००० सालच्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्याआधी त्याच्याच जागेवर खेळणारे सहा जण उचलले गेले होते. पुढे त्याने अजिंक्यपद, म्हणजे सुपर बोल, सात वेळा जिंकले. २०२२ मध्ये ब्रॉक पर्डी २६२वा, म्हणजे यादीतला अगदी शेवटचा. शेवटच्या खेळाडूला तिथे थट्टेने ‘मिस्टर इररेलेव्हंट’, म्हणजे ‘बिनकामाचे राव’ असे नाव देतात. दोन वर्षांत हे राव आपल्या संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेले.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी या ड्राफ्टचा हिशेब मांडला आहे. (थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.) निष्कर्ष असा की संघ वरच्या पाळीची किंमत वाजवीपेक्षा फार जास्त लावतात. एक वरची पाळी मिळवण्यासाठी खालच्या अनेक पाळ्या देऊन टाकतात आणि बहुधा तोट्यात जातात. आपली नजर अचूक आहे, हा विश्वासच त्यांना महाग पडतो. डॅलसच्या संघाने ऑक्टोबर १९८९ मध्ये याच विश्वासाचा फायदा उठवला. आपला एकमेव मोठा खेळाडू हर्शल वॉकर त्यांनी मिनेसोटाला दिला आणि बदल्यात खेळाडूंसह पाळ्यांची रासच घेतली. पुढच्या सहा-सात वर्षांत डॅलसने तीन अजिंक्यपदे मिळवली.

मात्र मागाहून शहाणपण सांगणे हा आपल्या विद्याशाखेतला सर्वांत स्वस्त दोष आहे, म्हणून एक उदाहरण उलट बाजूचे देते. मार्च २००८ मध्ये भारताच्या १९ वर्षांखालील विश्वविजेत्या मुलांसाठी आयपीएलने लिलाव न करता खरोखरच ड्राफ्ट घेतला होता. दिल्लीने घरच्या विराट कोहलीला सोडून प्रदीप सांगवानला घेतले. कोहली बंगळुरूला गेला. आज यावर हसणे सोपे आहे. पण तेव्हा दिल्लीकडे सेहवाग, गंभीर, दिलशान, डिव्हिलियर्स असे फलंदाज होते, आणि सांगवान त्याच हंगामात रणजी जिंकलेल्या दिल्ली संघातला डावखुरा वेगवान गोलंदाज होता. समोर असलेल्या माहितीवर तो निर्णय शहाणपणाचाच होता. इथे पाहणी झाली होती. चुकले ते भाकीत. ही चूक वेगळी आणि वलनीचा मुलगा न दिसणे वेगळे. या दोहोंना ‘शेवटच्या फेरीचा चमत्कार’ अशा एकाच पोत्यात भरले की खरा प्रश्न नाहीसा होतो.

आता पैशाकडे येऊ, कारण खरे दुखणे तिथे आहे.

आयपीएलचा लिलाव म्हणजे खुला बाजार, असा समज आहे. तो सर्वांसाठी कधीच खुला नव्हता. भारताकडून न खेळलेले देशी खेळाडू, ज्यांना क्रिकेटच्या भाषेत अनकॅप्ड म्हणतात, ते २०१४ पर्यंत लिलावातच नसत. संघ त्यांच्याशी परस्पर करार करीत आणि रकमेवर मंडळाने मर्यादा घातलेली असे. बोली नावाजलेल्यांसाठी, ठरीव मजुरी बाकीच्यांसाठी. २०१० च्या हंगामासाठी दिल्लीने उमेशला सुमारे १८ लाखांना घेतले ते असेच. त्याचे खरे मोल किती, हे विचारण्याची सोयच त्या नियमात नव्हती.

त्याच वर्षी रवींद्र जडेजाचे काय झाले, तेही पाहा. २००८ च्या त्याच ड्राफ्टमधून तो राजस्थानकडे गेला होता. करार संपल्यावर दुसऱ्या संघाशी स्वतःच बोलणी केल्याच्या आरोपावरून त्याला २०१० चा संपूर्ण हंगाम बाहेर बसवले गेले. २०१२ च्या लिलावात चेन्नईने त्याच्यासाठी २० लाख डॉलर मोजले. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसनच्या बदल्यात तो पुन्हा राजस्थानला गेला, या वेळी रीतसर अदलाबदलीने. ज्या गोष्टीसाठी एकविशीच्या मुलाला शिक्षा झाली, तीच गोष्ट संघांनी केली की तिला ‘ट्रेड’ म्हणतात. आयपीएलमध्ये अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते, ही त्यातली बरी बाजू. अमेरिकेत करारात वेगळे कलम नसेल, तर तीही लागत नाही.

(आयपीएलमधल्या पहिल्या अदलाबदलींपैकी एक आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानची होती. २००९ च्या हंगामाआधी तो बंगळुरूहून मुंबईला आला आणि रॉबिन उथप्पा तिकडे गेला. दोघेही नावाजलेले, म्हणून दोघांनाही विचारले गेले.)

विदर्भाकडे परत येऊ. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. कर्णधार फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. रजनीश गुरबाणीने अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली. हंगामात त्याचे ३९ बळी झाले. महिनाभराच्या आत आयपीएलचा मोठा लिलाव झाला. त्या वर्षीच्या आयपीएलमध्ये गुरबाणी कुठेही दिसला नाही. चार दिवसांच्या सामन्यातली गोलंदाजी आणि चार षटकांची गोलंदाजी यांत फरक आहे, हे मान्य. तरीही देशाच्या सर्वोच्च स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेऊनही पाहणाऱ्याची नजर ठरत नसेल, तर आमच्या पोरांनी आणखी काय करून दाखवायचे?

अमरावतीचा जितेश शर्मा याहून बोलके उदाहरण. २०१६ मध्ये मुंबईने त्याला १० लाखांना घेतले आणि एकही सामना खेळवला नाही. २०२२ मध्ये पंजाबने २० लाखांना. नोव्हेंबर २०२४ मध्ये बंगळुरूने ११ कोटींना. २७ मे २०२५ ला लखनौविरुद्ध २२८ धावांचा पाठलाग करताना त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या, तेव्हा तो त्या संघाचा हंगामी कर्णधार होता. पुढच्या आठवड्यात बंगळुरूने पहिले विजेतेपद मिळवले. २० लाखांचे ११ कोटी म्हणजे ५५ पट. माणूस तीन वर्षांत सुधारतो, पण ५५ पट सुधारत नाही. मधल्या काळात झाली ती पाहणी. पंजाबने त्याला खेळवले, म्हणून तो इतरांना दिसला. मुंबईने खेळवला असता, तर सहा वर्षे आधी दिसला असता. ती सहा वर्षे आणि त्या वर्षांची कमाई कोणत्याही यादीत लिहिलेली नाही.

म्हणून जिथे लिलावाचे विश्लेषण चालते, तिथे ‘सर्वांत स्वस्तात मिळालेला हिरा’ असल्या चर्चेला मी कंटाळले आहे. स्वस्तात कोणाला मिळाला? संघाला. खेळाडूच्या बाजूने पाहिले, तर तीच ओळ ‘सर्वाधिक नाडला गेलेला’ अशी वाचावी लागेल. क्रिकेट खेळणाऱ्याची उमेदीची वर्षे पंधरा असतात, आणि वेगवान गोलंदाजाची त्याहून कमी.

कन्हान, कामठी, खापरखेडा, सावनेर या पट्ट्यात आजही टेनिस बॉलच्या स्पर्धांना रात्री गर्दी होते. विदर्भाने त्यानंतर आणखी दोनदा रणजी जिंकली, जामठ्याला देखणे मैदान आहे, नागपुरात अकादमी आहे. पण वसाहतीतल्या मुलाला सीझन बॉल, बूट आणि पायाखाली मॅट या तीन गोष्टी तेराव्या-चौदाव्या वर्षी मिळायला हव्यात, आणि कोणीतरी वही घेऊन तिथे बांधावर उभे राहायला हवे. संघांकडे आज शोधपथके आहेत. ती बहुधा राज्याच्या संघापर्यंत किंवा शहरातल्या लीगपर्यंत येतात. तिथवर पोचलेला मुलगा निम्मी लढाई आधीच जिंकलेला असतो.

पुढच्या वेळी यादी हाती आली, की सर्वांत महागडे नाव पाहून झाल्यावर तळाशी या. मूळ किमतीला गेलेले, शेवटच्या फेरीत उचललेले, आणि त्याखालचे, ज्यांना कोणीच घेतले नाही. त्यांच्या नावांपुढे गाव लिहा, पहिला रणजी सामना कोणत्या वर्षी ते लिहा, तेव्हाचे वय लिहा. मी काही याद्यांवर हे करत आहे. तुमच्या जिल्ह्यातली नावे तुम्ही केलीत, तर इथेच जोडा.

२०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाहच्या लिलावात उमेश यादवचे नाव होते. वय ३७, कसोटी ५७, कसोटी बळी १७०. बोली आली नाही.