इंग्रजीचे घोडे पेंड खाते कुठे?

इंग्रजी येत नाही याचे कारण शब्द कमी पडतात, अशी आमच्यापैकी बहुतेकांची समजूत असते. मग खिशात मावणारी डिक्शनरी येते, रोज दहा शब्द पाठ करण्याचा संकल्प सोडला जातो आणि अनंत चतुर्दशीच्या सुमारास त्याचेही विसर्जन होते. मला ही समजूतच चुकीची वाटते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाजवळ शब्द पुष्कळ असतात. ‘आय वेंट टू द मार्केट’ हे तो बिनचूक सांगतो. ‘शॉप्स वेअर क्लोज्ड’ हेही सांगतो. पण बाजारात गेलो तेव्हा दुकाने बंद होती आणि म्हणून मी परत आलो, एवढी साधी हकिगत एका दमात सांगायची वेळ आली की त्याचे घोडे पेंड खाते. अडते ते वाक्याला वाक्य जोडताना.

हा सांधा जुळवायला तीन गडी लागतात : उभयान्वयी अव्यय, सर्वनाम आणि क्रियापद. आपल्याला ते तीन निरनिराळ्या धड्यांत, तीन अनोळखी पाहुण्यांसारखे भेटवले जातात. प्रत्यक्षात ते एकाच जोखडाला जुंपलेले आहेत. एकाने पाऊल उचलले की बाकीच्यांना हलावेच लागते. इंग्रजीत हे कसे घडते ते पाहण्याआधी आपल्या भाषेत काय घडते ते पाहू.

‘आला, बसला, पाणी प्याला आणि निघून गेला.’ या मराठी वाक्यात कर्ता कुठेच नाही, तरी कोणी गोंधळत नाही. क्रियापदाच्या शेपटीतच पुरुष, लिंग, वचन सारे आहे. ‘जातेस’ म्हटले की समोर एक मुलगी उभी आहे हे ऐकणाऱ्याला कळते, ‘तू’ म्हणायची गरजच पडत नाही. फार काय, ‘आला, भाकरी खाल्ली आणि गेला’ यातले ‘खाल्ली’ भाकरीच्या मागे गेलेले आहे, तरी खाणारा कोण याविषयी शंका येत नाही. इंग्रजी क्रियापदाजवळ हे भांडवल उरलेले नाही. जुन्या इंग्रजीत प्रत्यय होते. शतकानुशतके ते झिजत गेले आणि आज साध्या वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाचा तेवढा एक ‘स’ मागे राहिला. क्रियापद मुके झाले म्हणून सर्वनामाला बोलावे लागते. ‘इट इज रेनिंग’ मधला ‘इट’ कोण? कोणीच नाही. पण खुर्ची रिकामी ठेवायची नाही हा तिथला रिवाज आहे.

आता खरी गंमत. खुर्ची रिकामी ठेवायची नाही असे मी म्हटले, पण ‘ही केम अँड सॅट डाउन’ या वाक्यात दुसऱ्या क्रियापदाला कर्ता नाही! ‘अँड’ने त्याला सुटी दिली. ‘बट’ आणि ‘ऑर’ हेही अशी सुटी देतात. पण ‘व्हेन’ आणा, ‘बिकॉज’ आणा, की सुटी रद्द. ‘ही सॅट डाउन बिकॉज ही वॉज टायर्ड’ यात दुसरा ‘ही’ गाळून चालणार नाही. म्हणजे सर्वनाम हवे की नको हे सर्वनामाच्या धड्यात ठरत नाही, ते उभयान्वयी अव्यय ठरवते. प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक हे आपण शाळेत घोकलेले भेद नुसत्या नावांचे नाहीत, त्यांच्या हातात असा अधिकार आहे.

याहून पुढची पायरी आहे. ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘व्हाइल’ यांच्यापाशी तडजोड करता येते. ‘आफ्टर ही एट’ ऐवजी ‘आफ्टर ईटिंग’ म्हणा. सर्वनाम गेले, पण त्याचा मोबदला क्रियापदाला द्यावा लागला, त्याचा काळ काढून घेतला गेला. ‘बिकॉज’ मात्र ही तडजोड मान्य करत नाही. ‘बिकॉज ईटिंग’ असे इंग्रजी नाही. आणि जिथे तडजोड होते तिथेही एक अट असते. ‘घरी येताना पाऊस लागला’ हे आपले वाक्य निर्दोष आहे. येणारा मी, लागणारा पाऊस, आणि ‘येताना’ दोघांना सांभाळून घेते. तेच ‘व्हाइल कमिंग होम, द रेन स्टार्टेड’ असे लिहिले की परीक्षक लाल रेघ ओढतात, कारण लेखी इंग्रजीच्या शिस्तीप्रमाणे पाऊसच घरी येत होता असा अर्थ होतो! विद्यार्थ्याला रेघ दिसते. तिच्यामागचे कारण त्याला कोणी सांगत नाही. मराठीचे ‘येताना’ जे चालवून घेते ते इंग्रजीचे ‘कमिंग’ घेत नाही, एवढे एक वाक्य कोणी बोलले असते तर जन्मभराचे काम झाले असते.

आमच्या वर्गातल्या बहुतेक चुका अशाच आहेत. त्या अज्ञानाच्या नाहीत, मराठीच्या ज्ञानाच्या आहेत. मराठी दोन पायांवर चालते : जर आणि तर, जरी आणि तरी, जेव्हा आणि तेव्हा, जो आणि तो. इंग्रजीला अशा ठिकाणी एक पाय पुरतो. म्हणून आपला विद्यार्थी ‘ऑलदो’ने सुरुवात करतो आणि मध्यावर ‘तरी’ची उणीव भासून ‘बट’ घालतो. त्याच्या कानाला ते वाक्य लंगडे वाटते म्हणून तो कुबडी देतो. तसेच ‘जे पुस्तक मी घेतले ते हरवले’ याचे. इंग्रजीतला ‘विच’ हा अव्यय आणि सर्वनाम अशी दोन्ही कामे एकटा करतो, आणि ‘द बुक आय बॉट’ असे म्हणून त्यालाही घरी पाठवता येते. आमच्याकडून मात्र ‘द बुक विच आय बॉट इट’ असे होते.

सर्वांत जास्त बळी घेते ते ‘गणू म्हणाला की मी उद्या येतो’ या जातीचे वाक्य. मराठीतला ‘की’ गणूचे बोलणे जसेच्या तसे आणून आपल्या पुढ्यात ठेवतो. इंग्रजीतला ‘दॅट’ सांगणाऱ्याच्या तोंडून बोलतो. म्हणून ‘मी’चा ‘ही’ होतो, ‘येतो’चे ‘वुड कम’ होते आणि उद्याचा दिवसही ‘द नेक्स्ट डे’ होऊन बसतो. सर्वनाम, काळ आणि दिवस ही तीन चाके एकाच दट्ट्याने फिरतात. पण आम्हाला तीन वेगळे नियम पाठ करायला लावले जातात. आणि या खटाटोपात इंग्रजीचे सगळेच बरोबर असते असेही नाही. ‘गणूने बंडूला सांगितले की आपण पास झालो’ यात पास झालेला गणूच आहे. ‘गणू टोल्ड बंडू दॅट ही हॅड पास्ट’ यात पेढे कोणाकडे मागायचे?

‘पाऊस आला तर सामना रद्द होईल’ हे वाक्यही असेच. ‘तर’ आला की आपण येणाऱ्या पावसाला भूतकाळात टाकतो. इंग्रजी ‘इफ’ त्याला वर्तमानात ठेवते, ‘इफ इट रेन्स’. दोन्ही भाषा तिथे भविष्यकाळ टाळतात हे साम्य दाखवून दिले, तर ‘इफ इट विल रेन’ लिहिणाऱ्याचा हात आपोआप थांबेल.

आता माझा मुद्दा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. आपल्याजवळ मराठी वाक्याची चिकित्सा आहे, नावे आहेत, विचार आहे. इंग्रजीच्या तासाला यांतले काहीही दाराबाहेर चपलांसारखे काढून ठेवावे लागते. एके काळी तर्खडकर भाषांतर पाठमालेने मराठी वाक्य इंग्रजीशेजारी बसवून कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवले. आज ती पद्धत गावंढळ ठरली आहे. तिच्या जागी आले ते ‘डू ॲज डायरेक्टेड’. ‘नो सूनर’ने सुरू करा, ‘नॉट ओन्ली’ वापरा, ‘टू’ काढा. साच्यात घालून काढलेल्या या उत्तरांवर गुण मिळतात, पण सांधा जुळवायला येतच नाही. माझा एक मित्र इतिहासाच्या चर्चेत भल्याभल्यांना गप्प करणारा. सक्तीच्या इंग्रजीत दोनदा राहिला आणि गावी निघून गेला. त्याला शब्द येत होते, साचेही येत होते.

यावर आमचे काही प्राध्यापक म्हणतात, इंग्रजीतच विचार करा, मराठी मध्ये आणूच नका. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जाते त्यांना हा उपदेश ठीक आहे. ज्याला दिवसातून एकच तास इंग्रजी ऐकू येते त्याच्या डोक्यातले मराठी बंदी घालून जात नाही. ते चोरवाटेने वाक्यात शिरते आणि ‘ऑलदो’मागे ‘बट’ बनून उभे राहते. त्यापेक्षा त्याला पुढच्या दाराने आत बोलवावे. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करा असे मी म्हणत नाही. त्याने उलट घोटाळाच होतो. दोन भाषांचे सांधे शेजारी ठेवून पाहा, इतकेच म्हणणे आहे.

त्यासाठी नवे पुस्तक नको, नवा अभ्यासक्रमही नको. पुढच्या सत्रात ट्यूटोरियलचा एक तास द्यावा आणि इंग्रजीच्या व मराठीच्या प्राध्यापकांनी एकत्र वर्गात यावे. फळ्यावर लिहायला पहिले वाक्य मी सुचवतो : ‘घरी येताना पाऊस लागला.’