यकृताची परीक्षा, सुईविना

‘आमच्या घरात मद्याला कोणी स्पर्शही करत नाही, मग यकृताचा आजार कसा?’ रक्तदान शिबिरानंतर ‘हिपॅटायटिस बी’ असा निरोप येतो, तेव्हा व्यापारी कुटुंबांतून हा प्रश्न हमखास उमटतो. प्रश्न स्वाभाविक असला तरी विषाणू कोणाचा आचार पाहत नाही. जन्मावेळी मातेकडून, दूषित सुईतून, न तपासलेल्या रक्तातून किंवा दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून तो शरीरात शिरतो आणि अनेकदा वीस-तीस वर्षे निमूट राहतो. डहाणूच्या बाजारपेठेत सकाळपासून दुकान सांभाळणाऱ्या गृहस्थास या काळात काहीच जाणवत नाही. खरा धोका या शांततेतच असतो.

दीर्घकालीन दाहामुळे यकृतात व्रणतंतू साचतात आणि मऊ यकृत हळूहळू कठीण होते. या तंतुमयतेच्या पायऱ्या वैद्यक ० ते ४ अशा मोजते. चौथी पायरी म्हणजे सिऱ्होसिस. रुग्ण कोणत्या पायरीवर आहे, यावर उपचाराची निकड ठरते.

पूर्वी यासाठी सुईने यकृताचा तुकडा काढावा लागे. तो संपूर्ण यकृताच्या सुमारे ५०,०००वा भाग. त्यामुळे शेजारचा व्रण नजरेतून सुटू शकतो. शिवाय वेदना आणि क्वचित रक्तस्रावाचे भय. त्या भयाने अनेक जण तपासणीच टाळत.

डहाणू-घोलवडचा बागाईतदार चिकू पिकला की नाही, हे तो न कापता बोटांनी दाबून ओळखतो. ‘एमआर इलॅस्टोग्राफी’ची कल्पना तशीच आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९९५ मध्ये ही पद्धत प्रथम मांडली. रुग्णाच्या उजव्या बरगड्यांवर एक चपटी तबकडी बांधतात. ती सेकंदाला साधारण ६० वेळा हलकी कंपने देते आणि एमआरआय यंत्र त्या लहरींचा यकृतातील प्रवास टिपते. कठीण भागातून लहर वेगाने धावते. त्यावरून काठिण्य किलोपास्कलमध्ये काढले जाते. निरोगी यकृताचा आकडा साधारणतः २.५ हून कमी असतो. ५ च्या वर गेल्यास सिऱ्होसिसची शक्यता बळावते. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही. काही वेळा श्वास रोखून धरावा लागतो, एवढेच.

मात्र ही पहिली पायरी नव्हे. आधी रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि बहुधा फायब्रोस्कॅन; त्यांतून स्पष्ट उत्तर न मिळाल्यास ही महागडी तपासणी. तीव्र दाह असताना आकडा फुगतो. यकृतात लोह साठलेले असल्यास मोजणी फसू शकते. पेसमेकर असलेल्यांनी तसे आधीच सांगावे. तपासणीपूर्वी चार ते सहा तास काही खाऊ नये. प्रत्येक एमआरआय केंद्रात ही सोय नसते. म्हणून डहाणू रोडहून गाडी पकडण्यापूर्वी दूरध्वनी करून खात्री करावी.

व्रतधारी कुटुंबांसाठी या आकड्याला आणखी एक अर्थ आहे. सिऱ्होसिसमध्ये यकृताचा ऊर्जासाठा तुटपुंजा असतो. एका रात्रीच्या उपवासातही शरीर स्नायू झिजवू लागते. म्हणून डॉक्टर अशा रुग्णांना झोपण्यापूर्वी थोडे खाण्यास सुचवतात. चौविहार पाळणाऱ्यासमोर येथे पेच उभा राहतो. तो डॉक्टरांपासून लपवू नये. अठ्ठाईचा संकल्प करण्यापूर्वी यकृताची स्थिती जाणून घ्यावी आणि मार्ग डॉक्टर व गुरुमहाराज या दोघांना विचारून ठरवावा.

निदान म्हणजे शेवट नव्हे. हिपॅटायटिस सी आता बहुतेकांत सुमारे १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. हिपॅटायटिस बी औषधांनी ताब्यात राहतो आणि दीर्घ उपचाराने व्रणही ओसरू शकतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत मिळतात. घरात एकाचा अहवाल सदोष आल्यास पत्नी, मुले, भावंडे यांनी रक्त तपासून घ्यावे; ज्यांना लागण नाही व संरक्षणही नाही, त्यांनी लस घ्यावी. नवजात बाळाला पहिली मात्रा २४ तासांच्या आत मिळावी. दुकानाचा ताळेबंद दरवर्षी न चुकता मांडणाऱ्या घराने यकृताचा हिशेब वीस वर्षे थकवू नये.