पिशवी काढण्यापूर्वी

पोटदुखीची किंवा अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या दरिद्री स्त्रियांना ‘आज पिशवी काढली नाही, तर उद्या कर्करोग होईल’ असे भय घालून, राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या स्मार्ट कार्डावर वर्षाकाठी मिळणाऱ्या ३०,००० रुपयांच्या आधाराने त्यांची गर्भाशये काढून टाकल्याचे जे प्रकरण २०१२ साली छत्तीसगढात उघडकीस आले, त्याची चौकशी झाली, काही डॉक्टरांचे परवाने स्थगितही झाले. परंतु ज्या भयाच्या जोरावर हे घडले त्याचे निरसन मात्र अद्याप कोणी केलेले नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीला जाणाऱ्या भगिनींच्या बाबतीत तेच दुःख महाराष्ट्राच्या वाट्यास आले, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयास अनावश्यक गर्भाशय-उच्छेदन रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचा हुकूम सर्व राज्यांस द्यावा लागला.

आपल्या प्रांतांत स्त्रियांचा घात करणाऱ्या कर्करोगांपैकी एक प्रमुख म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग, आणि पिशवी काढणे हा त्याचा सरसकट उपचार नव्हे. रोग अगदी लहान व मुखापुरताच असेल तर शस्त्रक्रिया योग्य, पण तीही बहुधा भोवतालच्या ऊतींसह व लसिकाग्रंथींसह, त्या विद्येत मुरलेल्या हातांनी करावयाची असते. त्यापुढच्या अवस्थेत मुख्य उपाय किरणोपचाराचा, ज्याला रुग्ण ‘लाईट घेणे’ म्हणतात, आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा सिस्प्लाटिन हे कर्करोगावरचे औषध. आधी औषधे व मग शस्त्रक्रिया हा मार्ग मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ६३३ स्त्रियांवर पडताळून पाहिला, तेव्हा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण त्या मार्गाने ६९.३ टक्के, तर किरण व औषध एकत्र दिल्यावर ७६.७ टक्के आढळले. बाहेरून दिलेल्या किरणांनंतर एक बारीक नळी गर्भाशयाच्या पोकळीत बसवून तिच्यातून किरणोत्सर्गी द्रव्याचा कण काही मिनिटांपुरता आत धाडतात व परत घेतात. हा सारा क्रम आठ आठवड्यांत पुरा व्हावा लागतो. आता ज्या स्त्रीचा दडलेला कर्करोग न तपासताच पिशवी काढली गेली, तिच्या बाबतीत ही नळी बसवावयाची कोठे? बरे होण्याचा उत्तम मार्ग त्या घाईनेच बंद केलेला असतो.

गर्भाशयाच्या अस्तराचा व बीजांडकोषाचा कर्करोग यांत शस्त्रक्रियेस अग्रस्थान आहे, हे खरे. म्हणूनच पाळी गेल्यानंतर रक्त दिसले तर क्षणाचाही विलंब न करता तपासणी करावी. पण तेथेही आधी निदान, मग शस्त्र.

गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी काही महाग नाही. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातलेच आम्ल, लावून मिनिटभर थांबले की संशयास्पद जागा पांढरी दिसू लागते, आणि शिकलेली परिचारिका तेवढे पाहू शकते. उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अध्ययनात, ज्याचे फलित २००९ साली प्रसिद्ध झाले, गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच करूनही या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटलेले दिसले.

तेव्हा माझी सरकारदरबारी मागणी अशी की, गर्भाशयमुखाच्या तपासणीचा दाखला दप्तरी नोंदल्याशिवाय आणि काढलेल्या पिशवीच्या ऊतितपासणीचा अहवाल जोडल्याशिवाय सरकारी विमा योजनेतून या शस्त्रक्रियेचा एक पैसाही चुकता होऊ नये. तपासणीत संशय आल्यास पुढच्या उपचारांसाठी आंबेडकर रुग्णालयातील प्रादेशिक कर्करोग केंद्र व एम्स आमच्या रायपुरातच आहेत. या शहरात तात्यापाऱ्यापासून चौबे कॉलनीपर्यंत नांदणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांनीही आपल्या महाराष्ट्र मंडळात तिशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या तपासणीची तजवीज करावी, आणि घरी कामास येणाऱ्या बाईंस त्या दिवशी पगारी रजा देऊन सोबत न्यावे.