मेंढरांचे रान आणि गायरानाचे राजकारण

जत तालुक्यात शाळूची काढणी उरकली की रान मोकळे होते आणि धनगरांचे वाडे त्या रानात उतरतात. धसकटे, त्यांना आलेला हिरवा फुटवा, बांधावरचे गवत यांवर दिवसभर मेंढरे चरतात आणि रात्री त्याच रानात बसतात. लेंडी आणि मुताने जमीन खतवते. त्याबदल्यात शेतकरी धान्य किंवा रोख पैसे देतो. हा रोखठोक व्यवहार आहे. मेंढपाळ बांधावर दान मागायला येत नाही, तो खत देतो. तरीही गावगाड्याने त्याला नेहमी उपऱ्यासारखेच वागवले.

या व्यवहारातला धोका कुणाच्या वाट्याला येतो? ज्वारीचा कोवळा फुटवा विषारी असतो. तो पोटभर खाल्ला तर मेंढराला किराळ लागते आणि बघता बघता जनावर आडवे होते. तो तोटा मेंढपाळाचा. चुकून कळप उभ्या पिकात शिरला तर मारही मेंढपाळालाच. बोली तोंडी असते, कागद नसतो. कागद नसलेल्या माणसाचे पोलीस ठाण्यात काय होते, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही.

माडग्याळी मेंढीची ओळख जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून पडली. आज त्याच तालुक्यात तिचे रान आटत आहे. म्हैसाळ योजनेचे पाणी जिथे पोहोचले तिथे द्राक्ष, डाळिंब आले. पाणी यावे, यात वाद नाही. दुष्काळी जतचा तो हक्कच आहे. पण बारमाही बागेला धसकट नसते. मग कळपाने जायचे कुठे? गायरानात.

नेमका तिथेच डाव टाकलेला आहे. १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. त्या चळवळीतून बळ घेऊन राज्यभर दलित कुटुंबांनी गायराने कसली. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि या कुटुंबांच्या हाती नोटिसा पडल्या. तेव्हा ‘गायरान जनावरांसाठी असते’ याची सर्वांना आठवण झाली. २०२३ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आली. तिच्या प्रकल्पांसाठी गायराने देताना मात्र ही आठवण कुठे गेली? दोन एकर कसणारा दलित अतिक्रमक आणि तारेचे कुंपण घालणारी कंपनी विकासक, हा कुठला न्याय?

धनगर आणि दलित यांना गायरानाच्या तुकड्यासाठी झुंजवणे सत्ताधाऱ्यांना सोयीचे आहे. निवडणूक आली की धनगरांच्या आरक्षणावर भाषणे होतात, मेंढरांच्या चाऱ्यावर कुणी बोलत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी चराई अनुदान जाहीर होते. पण मेंढरे नोटा खात नाहीत, त्यांना रान लागते.

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, अशी मांडणी केली. जमीनदार राहू नये, भूमिहीन मजूरही राहू नये, हा तिचा गाभा होता. त्या विचाराने आम्ही दोन मागण्या करतो. पहिली, मेंढरे बसवण्याच्या बोलीची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी : किती रात्री, किती मोबदला, नुकसान झाले तर जबाबदारी कुणाची. दुसरी, गायरानाची मोजणी ग्रामसभेसमोर व्हावी. कसणाऱ्या भूमिहीनाला संरक्षण, उरलेले रान चराईला, आणि कंपनीचा विचार या दोघांनंतर.

जतच्या माळावर मेंढपाळ आणि भूमिहीन दलित एकमेकांसमोर काठ्या घेऊन उभे राहिले, तर गायरान दोघांचेही जाणार आहे. ते दोघे ग्रामसभेत एका रांगेत बसले, तरच ते वाचेल.