बोलक्या सोबत्याला घरी आणताना

लोणावळ्याच्या पावसाळ्यात घराबाहेर पडणे अवघड होते आणि ज्येष्ठांना घरात एखाद्या बोलक्या सोबत्याची आस लागते. मात्र आपल्याकडील कंठवाला राघू पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे ध्यानी असावे. पाळायचाच असेल, तर बजरीगर किंवा कॉकाटील यांसारखा पिंजऱ्यातच जन्मलेला परदेशी पक्षी निवडावा.

पिल्लू घरी आले की पहिले काही दिवस त्याला केवळ आपला आवाज ऐकू द्यावा. पुढे रोज १० मिनिटे तळहातावर राळ्याचे दाणे घेऊन हात स्थिर धरावा. ते आपणहून जवळ येईपर्यंत थांबावे. पकडू नये, दटावू नये.

मावळच्या दमट हवेत दाण्यांना लवकर बुरशी धरते. ते थोडेच आणून हवाबंद डब्यात ठेवावेत. पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर असावा. अति तापलेल्या नॉनस्टिक भांड्याचा धूर पक्ष्याच्या जिवावर बेततो.

वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो. म्हणून पिंजऱ्यातील कागद ओला करून, मास्क लावून रोज बदलावा. दम्याच्या रुग्णांनी पक्षी आणण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. पुढे कधी ताप-खोकला आला, तर घरात पक्षी असल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.

कॉकाटील १५ ते २० वर्षे जगू शकतो. आपल्यानंतर त्याचे दाणापाणी कोण पाहील, हे घरच्यांशी बोलून आधीच ठरवावे.